पांढऱ्या पेशी २२ हजार, तरी गळू बरं होत नाही: सीजीडी झालेल्या मुलाच्या आईला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. थोडक्यात असा: मुलगा अडीच वर्षांचा. जन्मल्यावर दिलेल्या बीसीजीनंतर (टीबीची जिवंत लस) डाव्या काखेत गाठ आली, ती फुटून महिनोन्‌महिने वाहत राहिली. दीड वर्षाचा असताना मानेतली गाठ काढली, तपासणीत ‘ग्रॅन्युलोमा’ आला म्हणून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली, मधे बदलली आणि अजून चालू आहे. आता यकृतात गळू झालंय. पांढऱ्या पेशी २२ हजार. डीएचआर नावाच्या तपासणीत ‘सीजीडीशी सुसंगत’ असं आलंय, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका जन्मजात आजाराशी. तुम्ही विचारता, पेशी एवढ्या असताना प्रतिकारशक्ती कमी कशी? हे माझ्या दुधामुळे, माझ्या खाण्यापिण्यामुळे झालं का? नेटवर वाचलेल्या एमपीओ आणि जी६पीडी या एन्झाइमांच्या कमतरता त्यातल्याच का? आणि आता पुढे काय? शेवटी जाता जाता लिहिलंय की तुमचा एक भाऊ दीड वर्षाचा असताना न्यूमोनियाने गेला आणि धाकटी बहीण सातव्या महिन्यात आहे. त्या ओळीकडे मी शेवटी येते. माझ्या मते तीच सगळ्यात घाईची आहे.

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि गेली अठरा वर्षं प्रतिकारशक्तीचे जन्मजात आजार असलेली मुलं बघते. मुलाला तपासल्याशिवाय औषधांचे डोस सांगणार नाही, ते त्याच्या डॉक्टरांचंच काम. पण हा आजार काय आहे आणि कुठला निर्णय कशावर अवलंबून आहे, हे नीट सांगू शकते.

दुधाचा विषय आधी संपवते. हे तुमच्या दुधामुळे, डोहाळ्यांमुळे किंवा काही खायचं राहिल्यामुळे झालेलं नाही. गर्भ राहिला त्या क्षणी ठरलेली ही गोष्ट आहे.

आता पेशींचं. प्रतिकारशक्ती कमी म्हणजे पेशी कमी, असं आपण धरून चालतो. तुमच्या मुलाच्या पांढऱ्या पेशी भरपूर आहेत. जंतू शिरला तिथे त्या वेळेवर पोचतात, जंतूला गिळतात, पोटातल्या एका पिशवीत कोंडतात. इथपर्यंत सगळं ठीक चालतं. निरोगी माणसात पुढच्या काही मिनिटांत ती पेशी ऑक्सिजन ओढून घेते आणि एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम त्यापासून सुपरऑक्साइड बनवतं, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. मग मायलोपेरॉक्सिडेज, म्हणजे तुम्ही वाचलेलं एमपीओ, त्या पेरॉक्साइडपासून आणि शरीरातल्या क्लोराइडपासून हायपोक्लोरस आम्ल तयार करतं. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो ना, तिच्यातून पाण्यात जे तयार होऊन जंतू मरतात, तेच हे रसायन. पू हिरवट दिसतो तोही या एमपीओच्याच रंगामुळे.

सीजीडी, म्हणजे क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, यात ते पहिलंच एन्झाइम काम करत नाही. जंतू गिळला जातो, पण पेशीच्या पोटात जिवंत राहतो. शरीर आणखी पेशी पाठवतं, त्याही गिळतात आणि अडकतात. शेवटी शरीर त्या जागेभोवती पेशींची भिंत बांधतं. ती भिंत म्हणजेच तुमच्या अहवालातला ग्रॅन्युलोमा. रक्तात पेशी २२ हजार दिसतात त्या याच मागणीमुळे. पेशी वाढणं हे इथे ताकदीचं लक्षण नाही, लढाई संपत नसल्याचं आहे.

शिकत असताना एका प्राध्यापकांनी मला एनबीटी तपासणीच्या दोन काचा शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या होत्या, एक सीजीडीच्या मुलाची, एक त्याच्या वडिलांची. एनबीटी हा पिवळा रंग. रक्ताच्या थेंबात तो मिसळला आणि पेशींना चेतवलं, की एन्झाइम काम करत असेल तर पेशीच्या आत गडद निळे-जांभळे कण साचतात. वडिलांच्या काचेवर जवळजवळ प्रत्येक न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणारी पांढरी पेशी, निळी झाली होती. मुलाच्या काचेवर मी शंभर पेशी मोजल्या, एकही नाही. पेशी तशाच होत्या, तितक्याच होत्या, आकारही तोच. फक्त निळा रंग नव्हता. हा आजार मला त्या दिवशी कळला.

आज हेच काम डीएचआर तपासणी फ्लो सायटोमेट्रीच्या यंत्रावर करते. पण या अहवालाबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. नमुना ताजा लागतो, आणि सोबत एका निरोगी माणसाचा नमुना त्याच वेळी काढून त्याच डब्यातून पाठवलेला असावा लागतो. दोन दिवस कुरिअरमध्ये फिरलेलं रक्त निरोगी माणसाचं असलं तरी ‘सुस्त’ दिसू शकतं. दुसरी गोष्ट, एमपीओ पूर्णपणे नसेल तरी डीएचआर बिघडलेला येतो, सीजीडी नसताना. म्हणून एका अहवालावर थांबू नका. तपासणी पुन्हा करा आणि जनुकीय तपासणीने पक्कं करा. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे या आजारांचं काम वर्षानुवर्षं चालतं. अर्थात तुमच्या मुलाची हकिगत इतकी बोलकी आहे की उत्तर बदलेल असं मला वाटत नाही. काखेतली बीसीजीची गाठ, मानेतला ग्रॅन्युलोमा आणि यकृतातलं गळू एकाच मुलात असेल, तर डोळ्यांपुढे पहिलं नाव सीजीडीचंच येतं.

एमपीओ आणि जी६पीडीचं लवकर उरकते. एमपीओची कमतरता सीजीडीपेक्षा कितीतरी जास्त आढळते, पण पेरॉक्साइड बनतच असल्यामुळे बहुतेक माणसांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. मधुमेह सोबत असेल तर कॅन्डिडाची बुरशी कधीकधी सतावते, एवढंच. जी६पीडीची कमतरता आपल्याकडे बरीच आहे. ती मुख्यतः लाल पेशींची गोष्ट आहे, ठरावीक औषधांनी लाल पेशी फुटतात आणि कावीळ होते. पांढऱ्या पेशींमध्ये हे एन्झाइम जवळजवळ शून्यावर आलं तरच सीजीडीसारखं चित्र दिसतं, आणि ते फार विरळ. तरी तुमच्या मुलाची जी६पीडी तपासून घ्या. कारण सीजीडीत रोज द्यायचं मुख्य औषध को-ट्रायमोक्साझोल हे सल्फा गटातलं आहे आणि जी६पीडी कमी असेल तर ते जपून द्यावं लागतं. ही स्वस्तातली तपासणी औषध सुरू होण्याआधी व्हावी.

आता एकेटीबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘वर्षभर चुकीचं औषध दिलं का?’ तुमचा संताप मला समजतो. ग्रॅन्युलोमा दिसला की आपल्या देशात टीबीच पहिला आठवतो आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण बीसीजीची काख सहा महिने वाहत असताना ‘होतं असं काही मुलांना’ म्हणून घरी पाठवलं जातं, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. तिथे डीएचआर करून घ्यायला हवी होती. तरीही एकेटी पूर्ण वाया गेली असं मी म्हणणार नाही. सीजीडीच्या मुलांना खरा टीबी आणि बीसीजीच्या जंतूचा त्रास दोन्ही इतरांपेक्षा जास्त होतात. काखेतली गाठ बीसीजीच्याच जंतूची असणार, आणि त्या जंतूवर एकेटीतलं पायराझिनामाइड मुळातच चालत नाही, म्हणून गोळ्या कुठल्या द्यायच्या हे वेगळं ठरवावं लागतं. आणखी एक महत्त्वाचं: एकेटीतलं रिफाम्पिसिन चालू असेल तर बुरशीविरोधी इट्राकोनाझोलचं रक्तातलं प्रमाण खूप खाली येतं. दोन्ही औषधं वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिली असतील तर हे नजरेतून सुटू शकतं. तुमची सगळी प्रिस्क्रिप्शनं एका फाइलमध्ये लावा आणि हा प्रश्न स्वतः विचारा.

यकृताच्या गळवाबद्दल एवढंच, की साध्या गळवात नळी घालून पू काढला की काम होतं तसं इथे बहुधा होत नाही. सीजीडीतलं गळू घट्ट, कप्प्याकप्प्यांचं असतं, जंतू बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. पूर्वी यकृताचा तो भाग कापून काढत. आता बऱ्याच ठिकाणी लांबलचक अँटिबायोटिक्ससोबत स्टेरॉइड देऊन शस्त्रक्रिया टाळतात. ‘जंतुसंसर्गात स्टेरॉइड?’ म्हणून घाबरू नका. या आजारात अर्धं नुकसान जंतू करतात आणि अर्धं शरीराची न थांबणारी सूज. फक्त तो निर्णय या आजाराचा अनुभव असलेल्या माणसाने घ्यावा.

पुढच्या आयुष्याबद्दल तुम्ही जे विचारलं नाही, पण मनात नक्की असेल, ते सांगते. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात या आजाराचं वर्णन झालं तेव्हा त्याच्या नावातच ‘प्राणघातक’ हा शब्द होता, कारण ती मुलं लहानपणीच जात. आज तो शब्द नावातून गेला आहे. रोजचं को-ट्रायमोक्साझोल, रोजचं इट्राकोनाझोल आणि ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर, या तीन गोष्टींवर मुलं मोठी होतात. माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा चार वर्षांचा असलेला एक मुलगा आता इंजिनीअरिंगला आहे. औषध मात्र एक दिवसही चुकवायचं नाही. ‘आता बरा दिसतोय, थोडे दिवस बंद करूया’ म्हणून औषध थांबवलेली मुलं मी आयसीयूत बघितली आहेत.

गॅमा इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांबद्दलही तुम्ही वाचाल. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२८ रुग्णांच्या चाचणीत त्याने गंभीर संसर्ग बरेच कमी झाले होते. आपल्याकडे खर्चामुळे सगळ्यांना ते शक्य होत नाही. ते देता आलं नाही म्हणून मूल वाऱ्यावर सोडलं असं मनात आणू नका, रोजच्या दोन औषधांचा आधार मोठा आहे.

कायमचा उपाय अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा. सख्ख्या भावंडाची जुळणी झाली आणि मूल संसर्गातून बाहेर आलेलं असताना केलं तर निकाल चांगले येतात. कधी करायचं हे दाता कोण आहे, एन्झाइमचं थोडं तरी काम शिल्लक आहे का, आणि आतापर्यंत किती आजारपणं झाली, यावर ठरतं. थोडंसं काम शिल्लक असलेली मुलं जास्त जगतात, हे २०१० मध्ये २८७ रुग्णांच्या अभ्यासातून स्पष्ट झालंय. तुमच्या मुलाने अडीच वर्षांत जे भोगलंय ते बघता मी तुमच्या जागी असते तर गळू आटोक्यात आल्यावर लगेच प्रत्यारोपण केंद्रात नाव घातलं असतं. खर्चासाठी केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात सीजीडीचं नाव प्रत्यारोपणाने बऱ्या होणाऱ्या आजारांच्या गटात आहे आणि मदतीची मर्यादा २०२२ मध्ये ५० लाखांपर्यंत वाढवली गेली. अर्ज त्या धोरणाखाली नेमलेल्या केंद्रातून करायचा असतो. मुंबईचं केईएम त्यातलं एक.

घरी काय सांभाळायचं? लोक इथे उलटंच सांभाळतात. मुलाला शाळेत, लग्नकार्यात, शेजारच्या सर्दीवाल्या मुलांत जाऊ देत नाहीत आणि अंगणात शेणखताच्या ढिगावर खेळू देतात. सर्दी-खोकल्याचे विषाणू आवरायचं काम दुसऱ्या पेशींचं आहे आणि त्या तुमच्या मुलात धडधाकट आहेत. त्याला माणसांत राहू द्या. भीती मातीतल्या आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्यातल्या बुरशीची, मुख्यतः अ‍ॅस्परजिलसची. उकिरडा, गोठा, कडब्याची गंज, उसाचं पाचट, ओलसर कोंडा, कंपोस्ट, कुबट वासाचं जुनं धान्य, पाडकाम चालू असलेलं घर, यापासून तो लांब हवा. एका शेतकरी कुटुंबातला सात वर्षांचा मुलगा मला आठवतो. मे महिन्यात शेतात शेणखत पसरत होते आणि तो दिवसभर ट्रॉलीत बसून होता. आठवड्याभरात दम लागायला लागला, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरी. औषधं वेळेवर मिळाली म्हणून वाचला. आजोबा मला म्हणाले, ‘शेतकऱ्याच्या पोराला मातीपासून कसं हो दूर ठेवायचं?’ मला सोपं उत्तर सुचलं नाही. शेवटी घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलं की खत उपसायच्या आणि मळणीच्या दिवसांत मुलगा तालुक्याला मामाकडे राहील. आजही तसंच करतात.

आणि ताप नसला म्हणून निर्धास्त राहू नका. बुरशीचा संसर्ग या मुलांत गुपचूप वाढतो. मूल खेळत असतं, जेवण जरा कमी होतं, वजन अडतं आणि ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) चढत जातो. तेवढ्यावर आम्ही छातीचा सीटी काढतो. पोटदुखी, वरचेवर जुलाब, शौचातून रक्त असं झालं तरी जंत समजून औषध देत बसू नका, या आजारात आतड्यांना सूज येते.

लसींबद्दल गैरसमज फार आहेत. बीसीजी आणि तोंडावाटे द्यायची जिवंत टायफॉइड लस सोडून बाकी सगळ्या लसी त्याला द्यायच्या, गोवराचीसुद्धा. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे आणि पावडरी मात्र नकोत. तुटलेलं एन्झाइम कुठल्याही काढ्याने जोडलं जात नाही, आणि गुळवेलीच्या अतिवापराने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. तुमच्या मुलाच्या यकृतात आधीच गळू आहे.

आता ती शेवटची ओळ. हे एन्झाइम अनेक तुकड्यांचं बनलेलं असतं. सगळ्यात मोठ्या तुकड्याचं जनुक, सीवायबीबी, एक्स गुणसूत्रावर आहे. ते १९८६ मध्ये सापडलं. त्यात दोष असेल तर आई वाहक असते आणि आजार मुलांना होतो. बाकीच्या तुकड्यांचे दोष आई-वडील दोघांकडून यावे लागतात, मुलगा-मुलगी कुणालाही होतात. मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्नाची चाल असलेल्या घरांत हा दुसरा प्रकार जास्त दिसतो. तुमचं लग्न नात्यात झालेलं नाही, आणि तुमचा सख्खा भाऊ लहानपणी न्यूमोनियाने गेला. त्यामुळे मला पहिला प्रकार दाट वाटतो. पण हा अंदाज आहे. तो पक्का करायला तुमची स्वतःची डीएचआर करा. तुम्ही वाहक असाल तर तुमच्या पेशींचे आलेखावर दोन डोंगर दिसतील, एक काम करणाऱ्यांचा, एक न करणाऱ्यांचा. डोंगर एकच आला तर दुसऱ्या प्रकाराचा विचार करायचा. पी४७ नावाच्या तुकड्याचा दोष नेहमीच्या जनुकीय पॅनेलमधून निसटतो, कारण त्या जनुकाच्या जवळजवळ हुबेहूब नकला शेजारीच असतात. पॅनेल ‘नॉर्मल’ आलं तर हे जरूर विचारा.

तुम्हाला उन्हात गालावर चट्टे येतात का? तोंड वारंवार येतं का? बऱ्याच वाहक बायकांना हा त्रास असतो आणि कुणी विचारत नाही. एका आईने वर्षानुवर्षं बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खाल्ल्या होत्या, मुलाचं निदान झालं त्या दिवशी तिला स्वतःच्या तोंडातल्या फोडांचं कारण कळलं. सासरी ‘आईकडून आलं’ असं कुणी म्हणालं, तर माझं नाव सांगून सांगा की गुणसूत्रं कुणी निवडून देत नाही. तुमच्या आईने एक मूल याच आजारात गमावलं असेल आणि तिला आजवर कारण कळलेलं नाही.

तुमची आई वाहक असेल तर तुमची गरोदर बहीणही वाहक असण्याची शक्यता निम्मी. ती वाहक असेल आणि मुलगा झाला, तर त्याला आजार असण्याची शक्यता पुन्हा निम्मी. गरोदरपणातही तिच्या रक्ताची डीएचआर करता येते, या आठवड्यात करून घ्या. अहवाल यायचा असो वा नसो, बाळंतपणाच्या फाइलवर लाल शाईत लिहून घ्या: बीसीजी देऊ नये, बाळाची डीएचआर होईपर्यंत. पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बीचं इंजेक्शन नेहमीप्रमाणे द्यायचं. बाळाचा अहवाल चांगला आला तर बीसीजी नंतर देता येते, सरकारी वेळापत्रकातही ती वर्षापर्यंत चालते. बहिणीला, तिच्या नवऱ्याला आणि बाळंतपणाला सोबत असणाऱ्या बाईला, तिघांनाही हे आज संध्याकाळी फोन करून सांगा. बीसीजी पहिल्या एक-दोन दिवसांतच टोचतात, आणि तेव्हा आई बहुतेक वेळा झोपलेली असते.